जुन्या लॅपटॉपमध्ये अजून राम आहे

‘‘डॉक्टर, याच्यात आता राम राहिला नाही,’’ दुकानातला मुलगा माझा लॅपटॉप उलटसुलट करून पाहत म्हणाला. मग स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन पुढे म्हणाला, ‘‘आणि रॅम तर नाहीच नाही.’’ जुन्याचे पंधराशे देतो, नवीन पंचेचाळीस हजारांत बसेल, हप्ते करून देतो, असा त्याचा हिशेब तयार होता.

हा लॅपटॉप माझ्या दवाखान्यातला. २०१५ साली घेतलेला. इंटेलची पाचव्या पिढीची आय-३ चिप, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. सकाळी आल्या आल्या तो चालू करायचा, हात धुवायचे, दिवा लावायचा, आणि पहिल्या पेशंटची तक्रार ऐकून होईपर्यंत पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असायचं. शेवटी कंटाळून दवाखान्यासाठी नवा घेतला आणि हा कपाटात गेला. तो पुन्हा बाहेर निघाला आमच्या सिस्टरांमुळे. त्यांच्या मुलीला दहावीनंतर कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला प्रवेश मिळाला होता आणि सिस्टर हप्त्यांवर लॅपटॉप घ्यायला निघाल्या होत्या. दरमहा एवढ्या हप्त्याचा त्यांच्या पगारावर काय परिणाम होईल, हे मला नेमकं माहीत होतं. तो पगार मीच देतो.

म्हणून मी दुकानात चौकशीला गेलो होतो आणि म्हणूनच लॅपटॉप परत घेऊन आलो. गेल्या जूनमधली ही गोष्ट. पुढच्या दोन रविवारांत जे काही केलं, त्यातून झालेली मतं इथे मांडतो. यात तांत्रिक तज्ज्ञतेचा दावा नाही. पण ‘निदान आधी, औषध नंतर’ ही सवय मात्र इथेही उपयोगी पडली.

लॅपटॉप ‘म्हातारा झाला म्हणून हळू झाला’ असं आपण सर्रास म्हणतो. मला हे निदान पटत नाही. माणसाचे सांधे झिजतात तशी चिप झिजत नाही, निदान दहा वर्षांत आपल्याला जाणवेल इतकी तरी नाहीच. २०१५ साली ती जितक्या वेगाने बेरीज-वजाबाकी करत होती, जवळपास तितक्याच वेगाने आजही करते. (२०१८च्या जानेवारीत मेल्टडाउन आणि स्पेक्टर या नावांच्या त्रुटी उघड झाल्या. त्यावरच्या दुरुस्त्यांनी जुन्या चिपचा थोडा वेग खाल्ला, हा अपवाद.) बदललं आहे ते आजूबाजूचं जग. वेबसाइट जड झाल्या, ब्राउझर जड झाले, पाठीमागे गुपचूप चालणारी कामं वाढली. या वाढलेल्या ओझ्याखाली जो अवयव सगळ्यात आधी मोडतो, तो म्हणजे हार्ड डिस्क.

हार्ड डिस्क ही खरोखरची तबकडी असते. ग्रामोफोनसारखी फिरते आणि तिच्यावरून एक दांडी आत-बाहेर सरकते. लॅपटॉपमधली साधारण डिस्क मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला सुमारे ११ मिलिसेकंद. हवी ती माहिती दांडीखाली यायला सरासरी अर्धा फेरा थांबायचं, शिवाय दांडीला योग्य वर्तुळावर पोहोचायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. एका छोट्या तुकड्यासाठी एकूण सोळा-सतरा मिलिसेकंद धरले, तर सेकंदाला साठेक तुकडे वाचून होतात. संगणक सुरू होताना असे हजारो विखुरलेले तुकडे लागतात. त्यातच अँटिव्हायरस जागा होतो, अपडेट सुरू होतो, आणि एका दांडीला दहा जण दहा दिशांना ओढायला लागतात. चिप बिचारी हात बांधून बसलेली असते.

एसएसडीमध्ये फिरणारं काहीच नसतं. तिथे हाच तुकडा मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात मिळतो आणि सेकंदाला अशी हजारो वाचनं सहज होतात. मोठी फाइल सलग वाचताना हार्ड डिस्क शंभरेक मेगाबाइटचा वेग देते, साधी साटा एसएसडी पाचशेच्या आसपास. हा पाचपट फरक जाहिरातीत लिहितात. पण रोजच्या वापरात जो फरक जाणवतो, तो विखुरलेल्या छोट्या वाचनांचा, आणि तो पाचपटीपेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून कुणी मला विचारलं की जुन्या लॅपटॉपवर एकच खर्च करायचा तर कशावर, तर उत्तर देताना मी थांबत नाही. एसएसडी. २०१०च्या पुढे-मागे आलेल्या बहुतेक लॅपटॉपांत अडीच इंची डिस्कची जी जागा असते, तिथेच ती बसते. चार स्क्रू काढायचे, जुनी सरकवून बाहेर, नवी आत.

दुसरं औषध रॅम. रॅम म्हणजे कामाचं टेबल आणि डिस्क म्हणजे माळा. टेबल लहान असलं की एक फाइल उघडण्यासाठी दुसरी माळ्यावर टाकावी लागते, आणि मग तीच पुन्हा खाली काढावी लागते. ४ जीबीपैकी निम्म्याच्या आसपास विंडोज स्वतःच अडवून बसतं. उरलेल्यात ब्राउझरच्या सात-आठ खिडक्या उघडल्या, की माळ्याच्या शिडीवर चढ-उतार सुरू. ८ जीबी झाली की घरगुती वापरात ही चढ-उतार जवळजवळ थांबते. १६ जीबी असेल तर उत्तमच, पण पत्र लिहिणं, बँक, व्हिडिओ कॉल आणि अभ्यास यासाठी तिची गरज नाही.

इथे माझी फजिती झाली तीही सांगतो. दादरला गाडी बदलून, ग्रँट रोडला उतरून मी मोठ्या उत्साहाने लॅमिंग्टन रोडवर गेलो आणि डीडीआर३ रॅम घेऊन आलो. घरी बसवली तर पडदा काळाच. दोन तास मी खालच्या झाकणाशी झटापट केली. मग रॅमच्या जुन्या पट्टीवरचं बारीक लेबल भिंगातून वाचलं, तेव्हा कळलं की या लॅपटॉपला डीडीआर३एल लागते. शेवटचा तो ‘एल’ म्हणजे कमी व्होल्टेज : दीडऐवजी १.३५ व्होल्ट. पट्टी दिसायला तंतोतंत तशीच, खाचेत बसतेही तशीच. पुढच्या रविवारी पुन्हा ग्रँट रोड. दुकानदाराने हसत बदलून दिली. तेव्हा जाताना जुनी पट्टी खिशात घालून न्या, निदान तिच्या लेबलचा फोटो तरी काढा.

तिसरी गोष्ट फुकटची आहे आणि तिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं, ती म्हणजे धूळ. दहा वर्षं चाललेल्या लॅपटॉपच्या पंख्यामागे अक्षरशः लोकरीची पट्टी तयार झालेली असते. गरम हवा बाहेर पडत नाही, चिप तापते, आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग स्वतःच कमी करते. ताप आलेल्या माणसाने अंथरूण धरावं तसं. छोट्या ब्रशने आणि ब्लोअरने ती धूळ काढायची. मात्र फुंकर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवायची, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरून खराब होतो. चिप आणि तांब्याच्या पट्टीमधली पेस्टही एव्हाना वाळून खडू झालेली असते. ती पुसून नवी लावली की उन्हाळ्यातसुद्धा पंख्याचा आवाज उतरतो.

बॅटरीबाबत मात्र मी गंभीर आहे. लिथियम-आयन बॅटरी खरोखरच म्हातारी होते. काही शे चार्जनंतर तिची क्षमता घटते, आणि आतल्या रसायनांचं विघटन होऊन वायू साठला तर ती फुगते. बॅटरी आत बसवलेल्या लॅपटॉपांत याची पहिली खूण अनेकदा टचपॅडवर दिसते : तो दाबला जाईनासा होतो, किंवा कडेने उचलला जातो. तळ टेबलावर सपाट बसत नाही. असं दिसलं की लॅपटॉप त्याच क्षणी बंद करायचा, चार्जर काढायचा, आणि बॅटरी जाणकाराकडून काढून घ्यायची. ती टोचायची नाही, दाबून सपाट करायला जायचं नाही, आणि पलंगावर तर अजिबात ठेवायची नाही. फुगलेली बॅटरी ‘चालतेय तोवर चालवू’ म्हणणारे लोक मला छातीत दुखत असताना अँटासिड घेत बसणाऱ्या पेशंटची आठवण करून देतात. बदलताना रस्त्यावरची स्वस्तातली नक्कल घेऊ नये. बॅटरी काढून नुसत्या चार्जरवरही बरेच लॅपटॉप चालतात. पण आपल्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि अर्धं लिहिलेलं जर्नल तिच्याबरोबर जातं.

एकूण खर्च सांगतो. ४८० जीबीची एसएसडी २,४०० रुपये, वापरलेली पण तपासून घेतलेली ८ जीबीची रॅम १,१००, बॅटरी १,८५०, पेस्ट १५०. बेरीज ५,५००. आज हा हिशेब तसाच जमणार नाही. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरीची मागणी एवढी वाढली आहे, की कंपन्यांनी आपली उत्पादनक्षमता तिकडे वळवली आणि गेल्या काही महिन्यांत रॅमचे भाव भडकले. एसएसडीही वर गेल्या. पण त्याच कारणाने नवे लॅपटॉपही महागले आहेत, त्यामुळे तराजूचा काटा फारसा हललेला नाही. उलट घरात पडलेल्या यंत्रात जी रॅम आधीच आहे, तिची किंमत वाढली असं म्हणायला हरकत नाही.

आता खऱ्या वादाचा मुद्दा. विंडोज १० ही २०१५च्या जुलैमध्ये आली आणि १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचा नियमित आधार संपला. विंडोज ११साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय आणि इंटेलची साधारण आठव्या पिढीपासून पुढची चिप सक्तीची केली. म्हणजे २०१७ पूर्वीचे जवळपास सगळे लॅपटॉप बाहेर, मग ते कितीही ठणठणीत असोत. सुरक्षेची कारणं अगदीच खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. पण सातव्या पिढीतली जी मोजकी चिप नंतर यादीत घेतली गेली, त्यातली एक खुद्द मायक्रोसॉफ्टच्या सरफेस स्टुडिओ २मध्ये होती, हे वाचल्यावर ही रेषा नेमकी कुणी आणि कशी आखली, हा प्रश्न पडतोच. जगभरची कोट्यवधी यंत्रं एका तारखेला ‘निवृत्त’ करण्याचा अधिकार एका कंपनीला असावा का, हा प्रश्न ग्राहकाचा आहे तसाच सार्वजनिक आरोग्याचाही आहे. त्याकडे येतोच.

घरगुती ग्राहकांसाठी विंडोज १०च्या सुरक्षा दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळण्याची सोय आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरूनच नाव नोंदवता येतं, आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याशी आपल्या सेटिंग्ज जोडायची तयारी असेल तर पैसेही लागत नाहीत. ज्यांना श्रीलिपी किंवा आकृतीमध्ये मजकूर जुळवायचा आहे, टॅली चालवायची आहे, डिजिटल सहीचं डोंगल वापरायचं आहे, त्यांनी आज हेच करावं. या कामांना विंडोजच सोयीची आहे, आणि उगाच तत्त्वासाठी त्रास करून घेण्यात शहाणपणा नाही. सक्ती चुकवून जुन्या यंत्रावर विंडोज ११ घालण्याच्या युक्त्याही आहेत. हौशी माणसाने खुशाल कराव्यात. आईवडिलांच्या बँकेच्या लॅपटॉपवर करू नयेत.

दुसरा रस्ता लिनक्सचा. सिस्टरांच्या मुलीच्या लॅपटॉपवर आम्ही लिनक्स मिंट घातलं. त्याची २२वी आवृत्ती २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळवत राहणार आहे, म्हणजे तिचा डिप्लोमा होऊन वर वर्ष उरेल. पेन ड्राइव्हवरून ते आधी नुसतं चालवून पाहता येतं. वायफाय, आवाज, कॅमेरा सगळं चालतंय ना याची खात्री करूनच डिस्कला हात लावायचा. लिब्रेऑफिस मराठीत उपलब्ध आहे, देवनागरीसाठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड अंगभूत आहे, आणि शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे मराठी धडे फुकट आहेत. केरळने आपल्या सरकारी शाळा कित्येक वर्षांपूर्वीच लिनक्सवर नेल्या आणि तिथली मुलं त्यावरच संगणक शिकली. आपल्याकडे अनेक शाळांतल्या संगणक खोल्यांवर मात्र ‘संगणक जुने झाले’ म्हणून कुलपं दिसतात. ते उघडून पेन ड्राइव्ह लावून पाहायला एक शिक्षक आणि एक शनिवार लागेल.

आमच्या मुलीची तक्रार झाली नाही असं नाही. पहिल्या आठवड्यात ती म्हणाली, ‘‘काका, मैत्रिणींच्या लॅपटॉपवर सगळं वेगळं दिसतं.’’ एका विषयाच्या प्रॅक्टिकलला विंडोजवरचंच सॉफ्टवेअर लागतं. ते ती कॉलेजच्या लॅबमध्ये उरकते. सी आणि पायथनचे प्रोग्रॅम मात्र घरीच, आणि लॅबपेक्षा लवकर चालतात असं तिचं म्हणणं.

व्हिडिओचं एक दुखणं सांगायला हवं, कारण लोक त्याचा दोष इंटरनेटला देतात. यूट्यूब आता व्हीपी९ आणि एव्ही१ या नव्या पद्धतींनी व्हिडिओ पाठवतं. इंटेलच्या चिपमध्ये व्हीपी९साठी पूर्ण सोय साधारण सातव्या पिढीपासून आणि एव्ही१साठी अकराव्या पिढीपासून आहे. त्याआधीच्या चिपला तो व्हिडिओ ताकदीने उलगडावा लागतो, म्हणून पंखा किंचाळतो आणि चित्र अडखळतं. उपाय सोपा : १०८०ऐवजी ७२०वर पाहा, किंवा ब्राउझरला जुन्या एच.२६४ पद्धतीचाच व्हिडिओ मागायला लावणारं छोटं एक्स्टेन्शन घाला. चौदा-पंधरा इंची पडद्यावर फरक कळतही नाही.

सुरक्षेबाबत मात्र तडजोड नको. २०१७च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांची कामं ठप्प केली, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. लोकांना वाटतं ते सगळे विंडोज एक्सपीवाले होते. प्रत्यक्षात बाधित यंत्रांपैकी बहुसंख्य विंडोज ७वर होती, आणि त्यांच्यासाठीची दुरुस्ती दोन महिने आधीच आलेली होती. ती फक्त घातली गेली नव्हती. मुद्दा यंत्राच्या वयाचा नव्हता, दुरुस्तीच्या हेळसांडीचा होता. पण म्हणूनच, आज कुणी विंडोज ७वर बँकेचे व्यवहार करत असेल तर मी हात जोडून थांबा म्हणेन. क्रोम ब्राउझरनेसुद्धा त्याची साथ २०२३च्या सुरुवातीलाच सोडली.

आता माझ्या खात्याकडे येतो. माझ्याकडे मान आणि खांदा धरून येणाऱ्यांत लॅपटॉपवाले भरपूर आहेत, आणि त्यांचं दुखणं यंत्र जुनं की नवं यावर अवलंबून नसतं. लॅपटॉपची रचनाच शरीराच्या विरुद्ध आहे. पडदा डोळ्यांच्या उंचीवर आणला तर हात वर जातात, कीबोर्ड कोपरांच्या उंचीवर आणला तर मान खाली जाते. डोकं सरळ असताना त्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. अमेरिकेतले शल्यविशारद केनेथ हंसराज यांनी २०१४ साली संगणकीय प्रारूपावरून हिशेब मांडला, की मान ६० अंशांनी झुकली तर मणक्यावर येणारा भार २७ किलोच्या घरात जातो. या हिशेबावर आक्षेपही घेतले गेले, प्रत्यक्ष माणसांवर तो मोजलेला नाही. पण दिशा बरोबर आहे, आणि दिवसाचे सहा तास वाकून बसलेल्या कुणालाही तो पटवून द्यावा लागत नाही.

इथे जुना लॅपटॉप चक्क फायद्याचा ठरतो. त्याची बॅटरी अशक्त, म्हणून तो तसाही टेबलावरच राहणार. मग त्याला टेबलावरच कायमचा बसवा. खाली चार जाड पुस्तकं ठेवून पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणा, आणि हजारभर रुपयांत वेगळा कीबोर्ड आणि माउस जोडा. कपाटात जुना मॉनिटर असेल तर सोन्याहून पिवळं. माझ्या पेशंटना मी नवा लॅपटॉप घ्या असं कधी सांगितलेलं नाही, हे मात्र कित्येकांना सांगितलं आहे. स्वस्त जुन्या पडद्यांबद्दल एक सावधगिरी : काही पडदे उजेड कमी केला की अतिशय वेगाने लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींचं डोकं दुखतं. मोबाइलचा कॅमेरा पडद्यासमोर धरला तर सरकते पट्टे दिसतात. तसं असेल तर पडद्याचा उजेड जास्त ठेवा आणि खोलीतही दिवा लावा.

आणि आता तो दुसरा आरोग्याचा प्रश्न, जो आपल्या घरात दिसत नाही. पंधराशे रुपयांत दुकानदार जुना लॅपटॉप घेतो, तेव्हा तो जातो कुठे? संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, आणि रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद केवळ २२.३ टक्क्यांची आहे. आपल्याकडचा बराच माल दिल्लीच्या सीलमपूर किंवा उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादसारख्या ठिकाणी पोहोचतो. तिथे वायरी जाळून तांबं काढतात आणि सर्किट बोर्ड आम्लात बुडवून सोनं. शिसं, जळालेल्या पीव्हीसीतून निघणारी डायॉक्सिन्स, आम्लाच्या वाफा. हे काम हातमोज्यांशिवाय, बऱ्याचदा घरातच, मुलांच्या देखत होतं.

शिशाचं मुलांवर काय होतं हे वैद्यकशास्त्राला नीट माहीत आहे. चीनमधल्या ग्वियू या ई-कचऱ्याच्या गावात लहान मुलांच्या रक्ताची तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या रक्तात सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर शिसं सापडलं. जवळच्या, हा धंदा नसलेल्या गावात ९.९४. अमेरिकेत आज ३.५च्या वर गेलं की डॉक्टर पावलं उचलतात. त्याहून कमी पातळीलाही बुद्धीचं आणि एकाग्रतेचं नुकसान होतं, आणि ते भरून येत नाही. माझा लॅपटॉप पाच वर्षं जास्त चालला म्हणून सीलमपूरचं एखादं मूल वाचलं, असा भाबडा दावा मी करणार नाही. पण भंगारात जाणारा प्रत्येक बोर्ड कुणाच्या तरी हाताखालून जातो, हे मला माहीत नसल्यासारखं वागताही येत नाही. शिवाय लॅपटॉपच्या आयुष्यभराच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो बनतानाच खर्ची पडलेला असतो. वापरताना खाल्लेली वीज त्यामानाने थोडी. नवा घेऊन वीज वाचवणं हा हिशेब म्हणूनच जमत नाही.

सगळेच जुने लॅपटॉप वाचवण्यालायक असतात असं नाही, आणि भावनेच्या भरात पैसे घालवू नयेत. २ जीबी रॅम आणि ३२ जीबी साठवण थेट बोर्डवर चिकटवलेले जे स्वस्त छोटे लॅपटॉप मध्यंतरी खपले, त्यांत बदलण्यासारखं काहीच नाही. बिजागरी तुटली, बोर्डवर पाणी गेलं, पडदा फुटला, यांपैकी दोन गोष्टी एकत्र असतील तर सोडून द्या. त्यापेक्षा कार्यालयांतून निघालेले, आठव्या पिढीचे वापरलेले लॅपटॉप बघा. २०१८चा थिंकपॅड टी४८० अजूनही लोक शोधून घेतात. त्याला रॅम वाढवता येते, बाहेरची बॅटरी हाताने काढता येते, आणि तो विंडोज ११च्या यादीतही बसतो. घेताना बायॉसला पासवर्ड नाही ना, सगळी बटणं उमटतात ना, आणि बॅटरीची क्षमता किती उरली, एवढं दुकानातच पाहून घ्या.

माझा खरा राग जुन्यावर नाही, नव्यावर आहे. २०१२ साली रेटिना पडद्याचा मॅकबुक प्रो आला, त्यात रॅम बोर्डवर झाळलेली आणि बॅटरी चिकटवलेली होती. त्याच वर्षीच्या साध्या मॅकबुक प्रोमध्ये दोन्ही बदलता येत होत्या. बाजार पहिल्याच्या मागे गेला. आज दुकानातल्या कित्येक सडपातळ लॅपटॉपांत खरेदीच्या दिवशी जेवढी रॅम असते, तेवढीच मरेपर्यंत. म्हणजे सिस्टरांच्या मुलीसाठी मी जे साडेपाच हजारांत केलं, ते दहा वर्षांनी आजच्या लॅपटॉपवर कुणाला करता येणार नाही. युरोपीय संघाने हातात धरण्याजोग्या उपकरणांच्या बॅटऱ्या ग्राहकाला स्वतः काढता आल्या पाहिजेत असा नियम केला आहे, तो १८ फेब्रुवारी २०२७ पासून लागू होतो. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, पोर्टलही सुरू केलं. पण दुकानात लॅपटॉपच्या खोक्यावर ‘रॅम वाढवता येते / येत नाही’ एवढी एक ओळ छापण्याची सक्ती अजून झालेली नाही. ती होईपर्यंत विक्रेत्याला तोंडी विचारा. उत्तर द्यायला तो आत जाऊन कुणाला तरी विचारून येईल, तरीही विचारा.

राहिली ती जुनी ५०० जीबीची हार्ड डिस्क. तिच्यावर दहा वर्षांच्या पेशंटच्या नोंदी होत्या. फाइल डिलीट केली म्हणजे माहिती जात नाही, फक्त अनुक्रमणिकेतून नाव जातं. म्हणून आधी संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहून काढली, त्याला रात्रभर लागली. मग सिस्टरांच्या मुलीने स्क्रू ड्रायव्हर मागितला आणि ती उघडली. तबकडी आरशासारखी निघाली, तिच्यावर तिने खिळ्याने ओरखडे काढले. आत दोन लहान चुंबकं सापडली, इतकी जोरकस की एकमेकांना चिकटली ती सुटेनात. ती आता सिस्टरांच्या फ्रिजवर आहेत. एकाखाली कॉलेजचं टाइमटेबल, दुसऱ्याखाली गॅसचं बिल.